वांगं सुटेपर्यंत

वांग्याच्या देठाला काटे असतात, हे नाशिकच्या बायांना सांगितलं तर खरं वाटत नाही. वाटणार कसं? त्यांच्या पिशवीत जाईपर्यंत निम्मे काटे मोडून आमच्या बोटांत बसलेले असतात. मी घोटीची, भाताच्या चिखलात वाढलेली. लग्न होऊन इकडं ओझरच्या बाजूला आले आणि पहिल्याच तोड्याला रडले. इकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत. तर आत्यानं, रंगूबाईनं, माझा हात मांडीवर घेऊन सुईनं एकेक काटा काढला आणि म्हणाली, "सवय व्हईल." सात वर्षं झाली. झाली सवय.

एका गोष्टीची मात्र झाली नाही. आषाढी एकादशी आली की या घरात वांगं बंद. ते थेट मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की सुटायचं. पाच महिने! शेत वांग्यांनी लगडलेलं, कॅरेटच्या कॅरेट पंचवटीच्या बाजारात चाललेत, आणि आमच्या ताटात काय, तर दोडका. मी एकदा नवऱ्याला, महेशला म्हटलं, "तुमचा देव लय हुशार. ज्याच्या घरी पिकतं त्यालाच नेमकं बंद." तो हसला, मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "आईपुढं बोलू नको."

बांधाच्या कडेला एक सरी देवाची. भरताची मोठी हिरवी वांगी, हातभर पसरलेली झाडं. ती मामा स्वतः लावायचे, स्वतः खुरपायचे. त्यातलं एक वांगं कधी बाजाराला गेलं नाही. चंपाषष्ठीच्या सकाळी मामा आंघोळ करून ओल्या धोतरानं जायचे आणि टोपलीभर तोडून आणायचे. चुलीत भाजायची, पातीचा कांदा घालून भरीत, बाजरीचे रोडगे. पाच जणांनी ताम्हन धरून तळी उचलायची, "सदानंदाचा येळकोट" म्हणत भंडारा उधळायचा. मग आधी देवाला घास, मग कुत्र्याला, कारण खंडोबाचं कुत्रं. आणि मग माणसाला. मामा दरवर्षी तेच म्हणायचे, "बघ पोरी, या घरात कुत्र्याचा नंबर पण माझ्या आधी हाय." आणि दरवर्षी आम्ही हसायचो.

यंदा मामा खाटेवर होते. दसऱ्यापासून. पोटात गाठ निघाली. नाशिकच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. महेशला बाजूला घेऊन म्हणाले, घरी न्या, आता पथ्यपाणी काही नाही, मागतील ते खायला द्या. मामा मागतच नव्हते काही. दोन चमचे पेज, तीसुद्धा आत्याच्या धाकानं. पाय सुजले आणि हात वाळले. तळव्यावर जुन्या काट्यांचे काळे ठिपके तेवढे होते तसे होते.

आणि मला सहावा महिना. सात वर्षांनी. किती दवाखाने केले, किती टोमणे गिळले ते माझं मला माहीत. मामांनी मात्र कधी एका शब्दानं विचारलं नाही. बातमी कळली तेव्हा एवढंच म्हणाले, "आता हिला कॅरेट उचलू देऊ नका."

मार्गशीर्षाच्या पाडव्याला खंडोबाचे घट बसले. मामांच्या जागी महेश पाटावर बसला. मामांची खाट आत्यानं आणि मी ओढून देवघरासमोर आणली. ते पडल्यापडल्या सांगत होते, "पान पालथं नको घालू. देवाचा टाक उजवीकडं. वात मोठी कर, सहा दिस इझता कामा नाय." आत्या पदर तोंडाशी धरून उभी. पुढच्या वर्षी सांगायला हे नसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी कोणाकडं बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तोडा करून आलो तेव्हा नऊ वाजले असतील. दवानं साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. आत्या पेज घेऊन मामांशेजारी बसली. त्यांनी वाटी हातानं बाजूला केली आणि अगदी नीट, खणखणीत म्हणाले, "रंगू, भरीत खावं वाटतंय."

महिन्याभरात पहिल्यांदा माणसानं खायला मागितलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आत्याचा चेहरा आधी फुलला, आणि लगेच पडला.

"चार दिसांवर आलीय षष्ठी," ती म्हणाली. "घट बसलेत. देवाचं झालं की लगेच देते. टोपलीभर देते."

"बरं," मामा म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

महेश दारातून ऐकत होता. असा भडकला! "आई, डॉक्टर काय म्हणले ते ऐकलं ना तू? मागतील ते द्या. माणूस मरायला टेकलंय आणि तुला षष्ठी सुचते?"

"हळू बोल."

"ऐकू दे त्यांना! सहा कॅरेट वांगी दारात पडलीत. एक भाजायला काय जातंय?"

आत्या उठली. तिचा आवाज चढला नाही, त्याचंच मला भ्या वाटलं. "तुझ्या बायकूच्या पोटात काय हाय ते माहीत हाय ना तुला? मग नको बोलू. या घरात घट असताना चुलीत वांगं जायचं नाय. मी जित्ती हाय तोवर नाय."

म्हणजे कारण मी होते, माझं पोट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी सुलाबाई आली. ही आत्याची चुलत जाऊ, शेजारच्या मळ्यात राहते. आम्ही दोघी बांधावर वांगी निवडत बसलो होतो, किडकी बाजूला, चांगली कॅरेटात. मी फणफणतच होते. म्हटलं, असला कसला देव, मरणाऱ्याच्या तोंडातला घास काढतो. सुलाबाईनं हातातलं वांगं खाली ठेवलं.

"तुला कोणी सांगितलंच नाय का गं? रंगूअक्काचं पयलं प्वार?"

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं महेश पहिला, मग माझी नणंद प्रतिभा.

"पयला मुलगाच व्हता. पोटात असताना तिला भरताचे डोहाळे लागले, नेमके कार्तिकात. सासू लय कडक. मग लहानूभाऊंनी, तुझ्या सासऱ्यानं, काय केलं, हिला न्हेलं शेतात, इथंच, या बांधाला काटक्या पेटवून वांगं भाजलं आणि मीठ लावून खाऊ घातलं. आपल्या हातानं. पोरगं झालं गुटगुटीत. आठव्या दिशी दूध प्यायचं सोडलं, अंग ताठ झालं, नवव्या दिशी गेलं. सासूला कुठनं कळलं कोण जाणे. खंडोबा कोपला म्हणून साऱ्या गावात सांगत फिरली. तवापासून अक्का अशी झाली बघ."

ज्या माणसानं बायकोसाठी नेम मोडला, तोच आज मागत होता, आणि ती देऊ शकत नव्हती. राग कोणावर करायचा तेच कळेना.

तिसऱ्या दिवशी आत्यानं काय करावं? परसातला दुधी काढला, चुलीत भाजला, काळंकुट्ट साल सोललं, मिरची ठेचली, लसूण, पातीचा कांदा, वरून कडकडीत तेल. वाटीत घालून मामांपुढं नेलं. दिसायला भरीतच. मी दारात उभी. मामांनी घास घेतला, जिभेवर घोळवला. आत्या त्यांच्या तोंडाकडं एकटक बघत होती.

"झ्याक झालंय," मामा म्हणाले.

"अजून घ्या की."

"पोट भरलं, रंगू."

एक घास. आत्या ती वाटी घेऊन चुलीपाशी आली, बसली आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "कळलं त्यांना," म्हणाली. न कळायला काय झालं? अख्खं आयुष्य वांग्यात गेलं त्या माणसाचं.

चवथीला आत्या सकाळीच ओझरला गेली, देवळात भंडारा आणि खोबरं न्यायला. दर नवरात्रात जाते. महेश पिकअप घेऊन बाजाराला. घरात मी आणि मामा. मी परसात आंघोळीच्या पाण्याचं चुलवण पेटवत होते, आणि पुढं काय झालं ते मी ठरवून केलं असं नाही. पाय चालत गेले. देवाच्या सरीला हात लावायचं धाडस झालं नाही, बाजूच्या सरीतलं एक मोठं बघून तोडलं, चुलवणात टाकलं. साल तडकली, वास सुटला. पाच महिन्यांनी तो वास! तोंडाला असं पाणी सुटलं की मला माझीच लाज वाटली.

सोललं, मीठ लावलं, एवढंच. वाटी पदराखाली झाकून मामांपाशी नेली. "मामा, उठा. कोणी नाही घरात. खाऊन घ्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं. मी पाठीला हात देऊन बसवलं, अंगात काही वजनच नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी वाटी नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि किती तरी वेळ तशीच धरली. छाती भरून वास घेत होते. मला वाटलं आता खातील. त्यांनी वाटी माझ्या हातात परत दिली.

"न्हे पोरी."

"का मामा? देव काही करत नाही. मी सांगते ना!"

"देवाचं कोण बोलतंय?" ते दम घेत घेत बोलत होते. "उद्या तुला शिंक जरी आली तरी ती म्हणंल, माझ्यामुळं. चाळीस वर्सं म्हणतीच हाय. एकदा मीच घातलं तिला खायाला, मीच. आता परत नाय." मग हसल्यासारखं केलं. "दोन दिस तर हायेत. माझा नंबर कुत्र्याच्या मागंच बरा. तिला सांगू नको हां हे. लय लागंल तिला."

मी वाटी घेऊन गोठ्यामागं गेले, उकिरड्यावर टाकायला. खरंच टाकायलाच. पण ते गरम होतं, आणि पोटातलं लेकरू उसळलं, आणि मी घास घेतला. मग दुसरा. उकिरड्याच्या कडेला उभी राहून, चोरासारखी, रडत रडत सगळं खाल्लं मी. मरणाऱ्या माणसानं बाजूला सारलेलं. बोटं चाटली. राखेनं वाटी घासून ठेवली. आत्या आली तेव्हा मी रोडग्याचं पीठ चाळत होते.

पंचमीला मामा गेले. सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. आत्या त्यांचे पाय चेपत होती आणि सांगत होती, "उद्याच हाय बघा षष्ठी, उद्याच," आणि बोलता बोलता तिच्या हाताखाली पाय थंड झाले. तिला बराच वेळ कळलं नाही. मला कळलं होतं. मला सांगवेना.

सुतक लागलं. शेजारच्या रवीनं, परक्या माणसानं, घट उचलले आणि गोदावरीत सोडून आला. तेवती वात आत्याला स्वतःच्या हातानं शांत करता आली नाही, ती रवीनं फुंकर घालून विझवली. षष्ठीच्या दिवशी गावात भंडारा उधळला, ओझरच्या यात्रेचे ढोल वाऱ्यावर ऐकू येत होते, आणि आमच्या घरात चूल नाही. शेजारनं पिठलं-भाकरी आली. आमचं कुत्रं दारात बसून राहिलं. त्याला काय माहीत, यंदा देवाचंच झालं नाही ते! भावकीतला एक म्हातारा म्हणून गेला, नैवेद्य चुकला, आता पुढच्या षष्ठीपर्यंत या घरात वांगं बंद. देवाची सरी तशीच उभी. वांगी पिवळी पडायला लागली.

आणि मी? मला झोप नाही, अन्न नाही. मी खाल्लं आणि दुसऱ्याच दिवशी मामा गेले. आधी मी म्हणत होते देव काही करत नाही. आता पोटात जरा हललं नाही की हात लावून बसायचे. घोटीची, बारावी शिकलेली मी, मनातल्या मनात खंडोबाला हात जोडत होते, माझ्यावर काढ, लेकरावर नको.

नवव्या दिवशी दुपारी ओटीपोटात कळ आली. मग दुसरी. मी पडवीत भिंतीला धरून खाली बसले. महेश गाडी काढायला धावला. आत्या आली, माझं डोकं मांडीवर घेतलं, पोटावर तळवा ठेवला.

"कधीपासनं दुखतंय?"

आणि माझा बांधच फुटला. "आत्या, मी वांगं खाल्लं. चवथीला. घट असताना. मामांसाठी भाजलं होतं, त्यांनी नाही खाल्लं, नुसता वास घेतला. म्हणाले तुम्हाला भ्या वाटेल. मग मीच खाल्लं. माझ्यामुळं मामा गेले, आता हेही जाणार, मला माहीतये, हेही जाणार..."

आत्याचा पोटावरचा हात हलला नाही. मला वाटलं आता ही मला ढकलून देईल, छाती बडवून घेईल. कुत्रं येऊन बाजूला बसलं. मग तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

"येडी का काय तू?" ती म्हणाली. "वांग्यानं कुठं प्वार जातं का?"

"तुमचं..."

"माझं वांग्यानं नाय गेलं." तिनं एक श्वास घेतला. "माझ्या सासूनं नाळ विळ्यानं कापली. वांगी तोडायच्या विळ्यानं. गंजलेला व्हता. नंतर सरकारी नर्स आली, तिनं विळा बघितला आणि मला म्हणली, बाई, यानं गेलं तुझं लेकरू, धनुर्वात झाला त्याला. मला तवाच कळलं व्हतं. पण सासूला कोण बोलणार? देवावर घालणं सोपं व्हतं. मी खाल्लं म्हणून झालं, म्हणत ऱ्हायले. म्हणता म्हणता तेच खरं वाटाय लागलं. तू नको तसं करू. ऐकतीस ना? काय व्हत नाय वांग्यानं. काय सुदिक व्हत नाय."

कळ ओसरली होती. हाताखाली बाळानं लाथ मारली, तिला आणि मला एकदमच कळली. आत्या जराशी हसलीसुद्धा. आणि मग ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, डोळे मात्र मोठे होत गेले. स्वतः काय बोलली ते तिला आता ऐकू आलं होतं.

"मग मी त्यांना का नाय दिलं?" आत्या म्हणाली.

माझ्याकडं बघून विचारत होती.

दवाखान्यात सगळं ठीक निघालं. अंगात पाणी कमी पडलं, विश्रांती घ्या म्हणाले.

दहाव्या दिवशी पहाट फुटताच आत्या देवाच्या सरीत गेली. सुतकात कोणी हात लावला नव्हता. पिवळ्या, निबर वांग्यांतून शोधून शोधून तिनं दोन हिरवी काढली आणि अंगणात सगळ्यांदेखत भाजायला घेतली. सुलाबाईनं तिचा हात धरला. "अक्का, अजून सुटलं नाय वांगं. देवाचं व्हायचंय."

"सुटलं," आत्या म्हणाली आणि वांगं फिरवत राहिली.

पंचवटीला रामकुंडावर गर्दी होती. महेशनं पिंड ठेवला, शेजारी पानावर भात, रोडगा आणि भरीत. आम्ही मागं सरलो. सरलो नाही तोच कावळा आला आणि भाताला चोच लावून उडाला. भरताकडं त्यानं बघितलंही नाही. लोक म्हणाले, सुटला लहानू, काही मागं ठेवलं नाही त्यानं मनात. सुलाबाईनं डोळे पुसले. आत्या उभ्या जागी मटकन खाली बसली. रागावले असते, अडून बसले असते, तर हिला हात जोडून माफी मागता आली असती. तेवढंही त्यांनी मागितलं नाही.

घरी आल्यावर तिनं उरलेलं भरीत वाटीत काढलं, रोडगा कुस्करला आणि मला समोर बसवलं. "खा." मी नको म्हटलं, घशाखाली उतरणार नाही म्हटलं. ती ऐकेना. आपल्या हातानं घास करून माझ्या तोंडात घालत राहिली, एकापाठोपाठ एक, वाटी रिकामी होईपर्यंत. तिनं स्वतः एक शीतही घेतलं नाही. तिच्या बोटांना राख होती, त्या राखेची चव मला घासाघासाला लागत होती. शेवटचा घास भरवून झाला तशी ती हळूच, कोणी ऐकू नये असं म्हणाली,

"वास तरी नीट घेतला व्हता ना गं त्यांनी?"

"हो आत्या," मी म्हटलं. "डोळे मिटून. लय वेळ."